स्ट्रेटमचा पाहुणा

मराठी वाचकाला डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन परका नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याच्या 'रासेलस'चे भाषांतर हाती घेतले आणि त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ते काम विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. पुढे 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर विस्तृत चरित्रात्मक निबंधही लिहिला. सुमारे नऊ वर्षे खपून १७५५ साली इंग्रजी भाषेचा कोश सिद्ध करणारा, आणि तो पुरा होताच आयत्या वेळी आश्रयदात्याचा आव आणणाऱ्या लॉर्ड चेस्टरफील्डला खरमरीत पत्र लिहून झिडकारणारा जॉन्सन आपल्या परिचयाचा आहे. पण हाच मानी पुरुष पुढे सोळा-सतरा वर्षे एका श्रीमंत मद्य-उत्पादकाच्या घरी जवळजवळ घरच्यासारखा राहिला, आणि त्या घरच्या गृहिणीवर त्याने आयुष्यातला सर्वांत गाढ स्नेह केला, हा इतिहास मात्र तितकासा सांगितला जात नाही. ती गृहिणी त्याच्याहून एकतीस वर्षांनी लहान होती. तिचे नाव हेस्टर थ्रेल.

हेस्टरचा जन्म १७४१ साली वेल्समधल्या एका जुन्या पण खालावलेल्या घराण्यात झाला. लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन या भाषांत तिची चांगली गती होती आणि ती लहानपणापासून कविता करीत असे. १७६३ साली तिचा विवाह हेन्री थ्रेल याच्याशी झाला. थ्रेल ऑक्सफर्डला शिकलेला, दिसायला रुबाबदार, बोलायला अतिशय मोजका. थेम्सच्या दक्षिण तीरावर साउथवर्क येथे त्याचा बिअर गाळण्याचा प्रचंड कारखाना होता आणि लंडनपासून काही मैलांवर स्ट्रेटम या गावी प्रशस्त घर. हा विवाह आईच्या इच्छेने आणि पैशांच्या हिशेबाने ठरलेला होता. पतीने तिला कधी छळले नाही, पण तिच्याशी मनमोकळेपणाने बोलण्याची गरजही त्याला फारशी वाटली नाही.

१७६५ सालच्या जानेवारीत नाटककार आर्थर मर्फी याने जॉन्सनला थ्रेल दांपत्याच्या घरी जेवायला आणले. जेम्स वुडहाउस नावाचा एक चांभार कविता करू लागला होता आणि त्याला भेटण्याची जिज्ञासा हे निमित्त होते. चांभारकवी लवकरच विस्मृतीत गेला. जॉन्सन मात्र त्या हिवाळ्यात दर गुरुवारी जेवायला येऊ लागला. त्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा होता आणि हेस्टर चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती.

जॉन्सनची तेव्हाची स्थिती नीट ध्यानात घेतल्यावाचून पुढची कथा उमगणार नाही. बाहेरून पाहता त्याचे दिवस पालटले होते. १७६२ पासून राजाकडून त्याला सालीना तीनशे पौंडांचा तनखा मिळत होता आणि कीर्ती तर होतीच. परंतु लहानपणच्या गंडमाळेने चेहरा विद्रूप केलेला, दृष्टी अधू, अंगाला सतत चमत्कारिक झटके येणारे. वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका विधवेशी त्याने १७३५ साली लग्न केले होते; ती १७५२ साली वारली. तेव्हापासून घर म्हणून जे होते ते लंडनमधल्या निराधारांचे आश्रयस्थान झाले होते. आंधळ्या झालेल्या ॲना विल्यम्स, गोरगरिबांना औषध देणारा अबोल रॉबर्ट लेव्हेट, कृष्णवर्णीय सेवक फ्रान्सिस बार्बर असे सारेजण त्याच्या छत्राखाली राहत, आणि त्यांच्या आपसातल्या भांडणांमुळे घरी जाण्याची धास्ती खुद्द यजमानालाच वाटे. या सर्वांहून भयंकर होती ती त्याची उदासीनता. आपण केव्हा तरी वेडे होणार, ही भीती त्याच्या मनात तरुणपणापासून ठाण मांडून बसली होती.

१७६६ साली ही उदासीनता विकोपाला गेली. कित्येक आठवडे तो खोलीबाहेर पडला नव्हता. थ्रेल पतिपत्नी त्याला पाहायला गेली, तेव्हा आपली बुद्धी ठिकाणावर राहावी म्हणून प्रार्थना करा, अशी विनवणी तो एका पाद्र्याला करीत होता. पुढे तो आपल्याच दोषांविषयी असे काही बोलू लागला की थ्रेलने नकळत हात पुढे करून त्याचे तोंड मिटले. याला येथून हलवून स्ट्रेटमला घेऊन चल, असे पत्नीला सांगून थ्रेल निघून गेला. जॉन्सन स्ट्रेटमला गेला आणि तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला. त्या घरात त्याच्यासाठी एक खोली कायमची राखली गेली. आठवड्यातले बरेचसे दिवस तो तेथे काढी आणि शनिवारी आपल्या आश्रितांना धड जेवण मिळावे म्हणून लंडनला परत जाई.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. जॉन्सनला घरी आणण्याचा निर्णय पतीचा होता, पण त्याला सांभाळण्याचे काम पत्नीवर आले. हा पाहुणा सांभाळणे सोपे नव्हते. रात्री एकटे पडण्याची त्याला भीती वाटे. म्हणून पहाटे चारपर्यंत चहा करून देत हेस्टर त्याच्याशी बोलत बसे. अधू डोळ्यांमुळे तो मेणबत्तीच्या इतका जवळ जाऊन वाची, की केसांच्या टोपाची पुढची बाजू नेहमी करपलेली असे. जेवणघराच्या दाराशी थ्रेलचा नोकर दुसरा टोप घेऊन उभा राही आणि पंगतीला बसण्यापूर्वी तो त्याच्या डोक्यावर चढवी. रसायनाचे प्रयोग करण्याच्या हौसेपायी त्याने बागेत भट्टी पेटविली, तेव्हा घराला आग लागण्याच्या भीतीने ती थ्रेलने बंद करविली. जॉन्सन थ्रेलला 'माझा धनी' आणि हेस्टरला 'माझी धनीण' म्हणे. त्यात विनोद होता, पण केवळ विनोद नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचे धनीपण मानले नाही, त्याने येथे ते हौसेने पत्करले.

मनातले सर्वांत खोल भय त्याने हेस्टरपुढेच उघडे केले. वेडाचा झटका आलाच तर आपल्याला कोंडून ठेवता यावे, म्हणून एक कुलूप त्याने तिच्या स्वाधीन केल्याचे दिसते. ते तिने मरेपर्यंत जपले. १७७३ सालचे त्याचे एक फ्रेंच पत्र उपलब्ध आहे. एकाच घरात राहत असून नोकराचाकरांना कळू नये म्हणून परभाषेत लिहिलेल्या त्या पत्रात, मी कोणत्या मर्यादेत राहावे ते तूच ठरवून दे, अशी याचना आहे. या पत्रावरून काही आधुनिक टीकाकारांनी नाना तर्क लढविले आहेत. त्यांत शिरण्याचे कारण नाही. पत्राचा साधा अर्थ पुरेसा करुण आहे. ज्याच्या शब्दापुढे सारे लंडन दबत होते, तो मनुष्य स्वतःपुढे मात्र हतबल होता, आणि आपल्या मनाचा चाप त्याने एका तरुण स्त्रीच्या हाती दिला होता. तिच्या उत्तराचा आशय असा की, एकाच विचाराचा ध्यास सोडावा आणि मन दुसरीकडे वळवावे. उत्तर शहाणपणाचे होते.

हा स्नेह एकतर्फी नव्हता. लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत हेस्टरला बारा अपत्ये झाली आणि त्यांतल्या चार मुलीच मोठ्या झाल्या. बाळंतपणे, आजारपणे आणि लहान शवपेटिका यांच्या त्या चक्रात तिच्या बुद्धीची कदर करणारा, तिच्याबरोबर लॅटिन कवींची भाषांतरे करणारा, तिच्या थोरल्या मुलीला, क्वीनीला, लॅटिन शिकवणारा एकच माणूस घरात होता. क्वीनीचा वाढदिवस १७ सप्टेंबरला आणि जॉन्सनचा १८ ला. दोन्ही एकत्र साजरे होत. १७७२ साली थ्रेलने एका भोंदू रसायनज्ञाच्या नादी लागून जव आणि हॉप्स यांच्यावाचून बिअर करण्याचा घाट घातला आणि कारखाना बुडायची वेळ आली. तेव्हा थ्रेलचा धीर सुटला. गरोदर असलेल्या हेस्टरने आईची शिल्लक आणि स्नेह्यांचे कर्ज मिळवून पेढी वाचवली. जॉन्सन त्या काळात तिचा सल्लागार होता. २३ मार्च १७७६ रोजी नऊ वर्षांचा एकुलता मुलगा हॅरी काही तासांच्या आजाराने गेला, तेव्हा लिचफील्डला असलेला जॉन्सन हातातले सारे टाकून लंडनला परतला. त्या वर्षी सर्वांनी मिळून इटलीला जाण्याचा बेत ठरला होता. तो रद्द झाला, आणि जॉन्सनला इटली कधीच दिसली नाही.

दूर असला की तो लिही. १७७३ साली बॉझवेलबरोबर स्कॉटलंडच्या बेटांचा प्रवास करताना त्याने तिला लांबलचक पत्रे पाठवली. पुढच्या प्रवासवर्णनाला त्यांचाच आधार झाला. स्काय बेटावरून त्याने तिला उद्देशून लॅटिनमध्ये एक कविता लिहिली. त्याची तिला लिहिलेली तीनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. कोशकाराचा भारदस्त जॉन्सन त्यांत क्वचितच भेटतो. कोंबड्या-बदकांची चौकशी, जेवणाचे वर्णन, औषधांची यादी, मुलांसाठी निरोप आणि वरचेवर एकच लाडिक तक्रार, ती म्हणजे पत्र का आले नाही. प्रौढ वयात प्रथमच घर लाभलेल्या माणसाची ती पत्रे आहेत.

अशा नात्याला काय नाव द्यावे? आपल्याकडे 'मानलेला भाऊ', 'मानलेली मुलगी' असे म्हणून समाज मोकळा होतो, आणि तशी सोय असणे काही वाईट नाही. लंडनमध्ये ती सोय नव्हती. ४ एप्रिल १७८१ रोजी हेन्री थ्रेल मरण पावला. जॉन्सन त्याच्या उशाशी होता. नाडीचे शेवटचे स्पंदन त्यानेच अनुभवले. थ्रेल गेला आणि वृत्तपत्रांनी लगेच कुजबुज सुरू केली की आता डॉक्टर विधवेशी लग्न करणार. बॉझवेलने तर मनातल्या मनात जळून, थ्रेलला पुरून काही दिवस होतात न होतात तोच, या कल्पित विवाहावर एक असभ्य विडंबनकाव्य रचले. जॉन्सनने असा प्रस्ताव केल्याचा कोणताही पुरावा नाही. सत्य निराळे होते, आणि ते जगाला तर नाहीच, खुद्द त्या दोघांनाही पूर्वी नीट उमगले नसावे. या स्नेहाला तिसऱ्या माणसाचा आधार होता. घराचा मालक मोजके बोलत होता, पण त्याच्या एका शब्दाने जॉन्सन जेवणाच्या टेबलावर आवाज खाली आणीत असे. तो मालक होता तोवर पाहुणा पाहुणा होता आणि गृहिणी गृहिणी होती. मधला खांब निघाल्यावर छप्पर कोणाच्या डोक्यावर येणार, एवढाच प्रश्न उरला.

ते हेस्टरच्या डोक्यावर येणार होते. जॉन्सन मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांपैकी एक होता. १,३५,००० पौंडांना कारखाना विकला गेला त्या व्यवहारात तो मोठ्या उत्साहाने वावरला. पण आता तो सत्तरी ओलांडलेला, दम्याने आणि जलोदराने बेजार झालेला, पूर्वीपेक्षा अधिक हट्टी, अधिक परावलंबी वृद्ध होता. चाळिशीतली हेस्टर प्रथमच कोणाच्या आज्ञेत नव्हती. सोळा वर्षे पतीच्या इच्छेने ज्याची सेवा केली, त्याच्यासाठी उरलेले आयुष्य वेचावे, असे तिला कोणी उघड म्हटले नाही. पण सर्वांनी ते गृहीत धरले होते. खर्च आवरण्यासाठी तिने स्ट्रेटमचे घर भाड्याने देण्याचे ठरविले. ऑक्टोबर १७८२ मध्ये जॉन्सनने त्या घराचा निरोप घेतला. ग्रंथालयात जाऊन त्याने अखेरचे वाचन केले, त्या कुटुंबासाठी एक प्रार्थना रचली, आणि गावातल्या देवळाचे चुंबन घेऊन तो बाहेर पडला.

तोवर हेस्टरच्या आयुष्यात दुसरी व्यक्ती आली होती. गॅब्रिएल पिओत्सी हा इटलीतून आलेला गायक क्वीनीला संगीत शिकवीत असे. तो हेस्टरच्याच वयाचा, शांत आणि सभ्य होता. लंडनच्या दृष्टीने त्याचे तीन अपराध होते. तो परदेशी होता, रोमन कॅथलिक होता आणि पोटासाठी गात होता. मुली, स्नेही, कादंबरीकार फॅनी बर्नी सारेच विरोधात उभे राहिले. १७८३ च्या प्रारंभी हेस्टरने नमते घेतले, पिओत्सीला निरोप दिला आणि ती बाथ येथे जाऊन राहिली. एप्रिलमध्ये तिची सर्वांत धाकटी मुलगी वारली. जूनमध्ये जॉन्सनला अर्धांगाचा झटका येऊन काही दिवस वाचा गेली. मध्यरात्री जाग आल्यावर बुद्धी शाबूत आहे ना, हे पाहण्यासाठी त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. आणि लिहिता येऊ लागताच त्या रात्रीचा सारा वृत्तांत ज्यांना कळवला, त्यांत हेस्टर होती. तिने समाचाराचे पत्र पाठवले, पण ती आली नाही. जॉन्सनचे चरित्रकार या न येण्याबद्दल तिला दोष देतात. त्या वर्षी तिची स्वतःची प्रकृती किती खचली होती, हे ते थोडक्यात आटोपतात.

अखेर आईची अवस्था पाहून मुलींनीच पिओत्सीला परत बोलावू दिले. ३० जून १७८४ रोजी हेस्टरने व्यवस्थापकांना विवाहाचा निर्णय कळवला. जॉन्सनचे २ जुलैचे उत्तर क्रोधाने लिहिलेले आहे. तू मुलांना आणि धर्माला टाकले असशील तर ईश्वर तुला क्षमा करो, अशा भाषेत त्याने तिची कीर्ती, तिचा देश, सारे पणाला लागल्याचे सुनावले, आणि काही व्हायचे असेल त्यापूर्वी एकदा भेटण्याची विनंती केली. ४ जुलैला हेस्टरने दिलेल्या उत्तरात एकही शब्द वावगा नाही. माझा दुसरा पती कुळाने, विचाराने किंवा व्यवसायाने पहिल्याहून हीन नाही, असे तिने शांतपणे सांगितले, आणि त्याच्याविषयीचे मत बदलेपर्यंत आपला पत्रव्यवहार थांबवावा असे सुचविले. बिअर गाळणारा पती चालतो आणि गाणारा चालत नाही, या न्यायातली विसंगती त्याहून नेमकी दाखवता आली नसती.

जॉन्सनने यानंतर गप्प बसणे स्वाभाविक ठरले असते. पण ८ जुलैला त्याने आणखी एक पत्र लिहिले, आणि या सर्व कथेचे मोल त्या पत्रात आहे. तू जे केलेस त्याचा मला खेद होत असला तरी त्याबद्दल रागावण्याचा मला अधिकार नाही, असे त्यात तो कबूल करतो. मुळातच दुःखी असलेल्या आयुष्याची वीस वर्षे तिच्या मायेने सुसह्य झाली, हे ऋण तो निःसंकोच मान्य करतो. मग तिला इंग्लंडमध्येच राहण्याचा सल्ला देताना त्याला स्कॉटलंडच्या मेरी राणीची कथा आठवते. राणी इंग्लंडच्या आश्रयाला निघाली, तेव्हा सीमेवरच्या नदीत उतरून आर्चबिशपने तिच्या घोड्याचा लगाम धरला आणि परत फिरण्याची विनवणी केली. राणी पुढे गेली. आपलाही लगाम धरण्याचा प्रयत्न तसाच व्यर्थ जाणार, हे जॉन्सन जाणून होता. लिहिताना डोळ्यांत अश्रू उभे आहेत, हेही त्याने लपवले नाही.

सहा दिवसांच्या अंतराने लिहिलेली ही दोन पत्रे एकाच माणसाची आहेत. पहिल्यात हक्क बोलतो, दुसऱ्यात कृतज्ञता. वृद्धाच्या स्नेहात हक्क केव्हा शिरतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. आपल्याला मिळणारी माया ही दुसऱ्याच्या झोपेतून, वेळेतून आणि तारुण्यातून वजा होत असते, हा हिशेब तो मांडत नाही. जॉन्सनने तो उशिरा मांडला, पण मांडला. ज्याला आयुष्यभर वादात हार ठाऊक नव्हती, त्याने आपला अधिकार नाही असे लिहावे, याला लहान गोष्ट म्हणता येणार नाही.

अर्थात माणसाचे मन एका पत्रात निवळत नाही. २३ जुलै १७८४ रोजी हेस्टरचा विवाह झाला आणि पतीबरोबर ती इटलीला गेली. नोव्हेंबरच्या अखेरीस फॅनी बर्नी आजारी जॉन्सनला भेटली, तेव्हा तिचे नाव आपण काढीत नाही, तिची पत्रे हाती लागली की जाळतो, असे त्याने सांगितले. १३ डिसेंबरला तो वारला. हेस्टरला ही वार्ता परमुलखात कळली. तिने तेथेच जॉन्सनच्या आठवणी लिहावयास घेतल्या. १७८६ साली ते पुस्तक लंडनमध्ये निघाले आणि पहिली आवृत्ती एका दिवसात संपली. त्यात भक्ती आहे, तशीच तक्रारही आहे. हे ओझे पतीच्या आधाराने पेलले, एकटीला पेलवेना, असे तिने प्रांजळपणे लिहून टाकले. १७८८ साली तिने जॉन्सनची पत्रे छापली. १७९१ साली बॉझवेलचे चरित्र आले, आणि त्याच्या दिव्य प्रतिभेपुढे हेस्टरची साक्ष फिकी पडली. १८५६ साली मेकॉलेने आपल्या ओघवत्या शैलीत तिला थोर वृद्धाचा त्याग करणारी चंचल स्त्री ठरविले, आणि मेकॉलेवर पोसलेल्या पिढ्यांनी तोच निकाल शिरोधार्य मानला. त्यांत भारतातले इंग्रजीचे विद्यार्थीही होते.

त्या निकालाची फेरतपासणी व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. १९४१ साली जेम्स क्लिफर्डने तिचे साक्षेपी चरित्र लिहिले, आणि १९४२ साली कॅथरिन बाल्डरस्टनने तिची 'थ्रेलियाना' ही रोजनिशीवजा टिपणवही संपूर्ण छापली. जिच्या आजवर फक्त इतरांनी लिहिलेल्या हकीकती होत्या, ती स्वतः बोलू लागली. जिला मूर्ख प्रणयिनी म्हटले, तिने पिओत्सीबरोबर पंचवीस वर्षांचा संसार सुखाने केला, वेल्समध्ये घर बांधले, आणि १८०९ साली त्याच्या मृत्यूनंतरही बारा वर्षे वाचन, लेखन आणि स्नेह्यांचा गोतावळा सोडला नाही. १८२१ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ती वारली. तोवर जॉन्सनला जाऊन छत्तीस वर्षे लोटली होती.

जॉन्सनचे अखेरचे मोठे काम, इंग्रज कवींची चरित्रे, १७७९ ते १७८१ या काळात प्रसिद्ध झाले. त्याची मुद्रिते स्ट्रेटमच्या टेबलावर तपासली गेली. ज्या मनाला १७६६ साली वेडाने गाठले असते, ते मन पुढे पंधरा वर्षे शाबूत राहिले आणि त्याने आपले सर्वांत परिपक्व लेखन केले. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एकच नाव आहे, आणि लेखकाचे म्हणून ते यथायोग्य आहे. पण पहाटे चारला चहाचे आणखी एक भांडे चढवणाऱ्या बाईचाही त्यात वाटा आहे. ८ जुलैच्या पत्रात जॉन्सनने तो मान्य केला आहे. त्याच्या वाचकांनी तो नाकारण्याचे काही कारण नाही.